हिरव्या चौकोनांचा हिशेब

ओपन सोर्स प्रकल्पात योगदान कसं सुरू करायचं, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडी आता 'ॲप्टिट्यूडची तयारी कुठून करू' इतकाच सर्रास येतो. त्यावर दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. एक बाजू म्हणते, घुसा, पाठवा, आपोआप शिकाल. दुसरी बाजू असते ती ज्यांच्या दारात हे पाठवलेलं येऊन पडतं त्यांची. ती म्हणते, जरा थांबा. खालचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातले मुद्दे हवेतले नाहीत. आत्या पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नोकरी करून एक छोटी लायब्ररी सांभाळते. भाचा जळगावकडच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. माझा कल कुणाकडे आहे ते लपणार नाही, पण भाच्याला मी मुद्दाम हरवलेलं नाही. त्याचे एकदोन मुद्दे आत्याला खोडता आलेले नाहीत.

भाचा : आत्या, सरळ विचारतो. गिटहबवर वर्षभराच्या कामाची ती हिरव्या चौकोनांची जाळी दिसते ना, माझी पार रिकामी आहे. वर्गातल्या एकाची हिरवीगार. मला गूगल समर ऑफ कोडमध्ये निवड हवी आहे. सुरुवात कुठून करू?

आत्या : रोज काय काय वापरतोस?

भाचा : म्हणजे?

आत्या : लॅपटॉप उघडलास की कुठले प्रोग्राम चालवतोस?

भाचा : फायरफॉक्स, व्हीएलसी, पायथन. मिनी प्रोजेक्टला फ्लास्क वापरलं होतं. पण त्याचं काय इथे? व्हिडिओत सांगतात, 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल शोधा आणि खाली लिहा, 'सर, प्लीज असाइन मी'.

आत्या : तिथे तुझ्याआधी दहा जणांनी तेच लिहिलेलं असतं आणि त्यातल्या बहुतेकांनी तो प्रोग्राम एकदाही चालवून बघितलेला नसतो. पुष्कळ प्रकल्पांत कुणी कुणाला काही नेमून देत नाही. दुरुस्ती करून आणलीस, ती नीट असली, की घेतात. अर्ज कशाला करायचा? शिवाय मी 'सर' नाही.

भाचा : बरं. पण सुरुवात छोटीच करावी ना? रीडमीमधली एखादी स्पेलिंगची चूक वगैरे.

आत्या : २०२० चा ऑक्टोबर तुला ठाऊक नसेल, तू शाळेत होतास. डिजिटल ओशन नावाची कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवत आली आहे. तेव्हा महिन्यात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या, पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी झुंबड उडाली. लोकांनी अनोळखी प्रकल्पांच्या रीडमीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढेच शब्द घुसवले आणि दिले पाठवून. पहिल्या काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला, की जे प्रकल्प स्वतःहून नाव नोंदवतील तिथलंच काम मोजू. २०२३ मध्ये टी-शर्ट काढून त्याजागी डिजिटल बिल्ले आले.

भाचा : त्यात आपल्याकडची पोरं फार होती म्हणे.

आत्या : होती. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पाचंही तेच झालं. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे दाखवायला कुठल्याशा धड्यात खरा एक्सप्रेसच घेतला होता. बघणाऱ्यांनी हुबेहूब तसंच केलं. मग काय, रीडमीत आपापलं नाव घालायच्या विनंत्यांचा ढीग.

भाचा : मग चूक शिकवणाऱ्याची. त्या टोकाला एक माणूस बसलाय, त्याला हे सगळं हाताने बंद करावं लागतं, हे मुलांना कुणी सांगितलं होतं?

आत्या : हे बरोबर आहे तुझं. मुलांची कुचेष्टा करणं मला आवडत नाही. नुसता सराव हवा असेल तर 'फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन्स' नावाचा प्रकल्प त्यासाठीच ठेवलेला आहे, तिथे नाव घालणं हेच अपेक्षित आहे. नाहीतर मित्राच्या रेपोवर कर. फोर्क, ब्रँच, कमिट, कुठलं बटण कुठे आहे हे तासाभरात कळतं. फक्त त्याला योगदान म्हणू नकोस.

भाचा : तुला हे बोलणं सोपं आहे. आमच्याकडे कॅम्पसला कोण येतं माहितीये? दोनतीन कंपन्या, सगळ्यांना एकच पॅकेज, वर बाँड. आयआयटीच्या पोराला कॉलेजचं नाव पुरतं. मला रेझ्युमेत दाखवायला दुसरं काय आहे? नोकरीसाठी म्हणून योगदान केलं तर ते लगेच बाटलं का?

आत्या : बाटलं कोण म्हणतंय? लिनक्सचं कर्नेल घे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते सुरू केलं तेव्हा तो हेलसिंकीत विद्यार्थी होता आणि ते छंदाचं काम होतं. आज त्यातलं बहुतेक काम पगारी माणसं करतात. व्हीएलसीसुद्धा पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या मुलांच्या प्रोजेक्टमधून आलं. त्यामुळे तुझा हेतू नोकरीचा असू दे, मला त्याचं काही नाही. मला खर्चाचं पडलंय. तू पाच मिनिटांत पाठवलेलं वाचायला मला अर्धा तास लागतो. तोही रात्री नऊनंतरचा, ऑफिस आणि स्वयंपाक आटोपल्यावरचा. हा अर्धा तास तुझ्या हिशेबात कुठे आहे?

भाचा : नाहीये, मान्य. पण मग कंपन्यांच्या हिशेबात तू कुठे आहेस? हार्टब्लीड नावाच्या भोकाचं वाचलंय मी. जगभरचे कितीतरी ऑनलाइन व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर चालायचे, त्यांना २०१४ पर्यंत वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळायच्या. पूर्णवेळ माणूस एक. भोक सापडल्यावर मोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला. अशा ठिकाणी जाऊन मी फुकट राबायचं? आई म्हणते, तेवढ्या वेळात शिकवणी घे, पेट्रोलचे तरी निघतील.

आत्या : वहिनीचं काही चुकत नाही. घरी पैशांची ओढ असेल तर शिकवणीच घे, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. ज्याला मोकळा वेळ परवडतो तोच इथे दिसतो, आणि त्यामुळे आमच्यात ठरावीक घरांतलीच माणसं जास्त दिसतात. पैसे देणारी दारं आहेत थोडी. समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही, अठरा वर्षं पुरी हवीत. मानधन देशानुसार कमीजास्त असतं, आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कमी. आउटरीची नावाचा इंटर्नशिपचा कार्यक्रम आहे. झेरोधाने २०२४ मध्ये दर वर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, पण तो चालू प्रकल्पांना, नवख्यांना नव्हे.

भाचा : म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही तुझ्याकडे.

आत्या : नाही.

(इथे मी मध्ये पडतो. अब्जावधींचा धंदा करणाऱ्यांनी ज्यांच्या कामावर तो उभा आहे त्यांना काय द्यावं, हा प्रश्न जळगावच्या मुलाच्या सद्भावनेवर सोडणं लबाडीचं आहे. भाच्याचा हा मुद्दा बिनतोड आहे, आणि पुढचं सगळं वाचताना तो विसरू नये.)

भाचा : बरं, समर ऑफ कोडचं तरी नीट सांग. फेब्रुवारीत संस्थांची यादी लागते, तेव्हा सुरू केलं तर?

आत्या : तेव्हा सगळेच सुरू करतात. यादी लागली की आठवडाभर नुसती रांग. बऱ्याच संस्था वर्षानुवर्षं त्याच असतात, मागच्या याद्या उघड्या आहेत. निवडताना ते तुझा प्रस्ताव बघतात, पण त्याआधी हा मुलगा इथे काही करून गेलाय का, सांगितलेलं ऐकतो का, अर्ध्यात सोडून जातो का, हेही बघतात. त्याला दोन आठवडे पुरत नाहीत.

भाचा : म्हणजे आधी मुरायचं, विश्वास कमवायचा. मग एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत काय झालं? 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं शहाण्यासारखे पॅच पाठवले, विश्वास कमावला, स्वतः सांभाळणाऱ्यांत जाऊन बसला आणि २०२४ मध्ये त्यात मागचं दार बसवलं. तुझ्या सगळ्या अटी त्याने पाळल्या होत्या की!

आत्या : पाळल्या होत्या. ते प्रकरण मला अजून बोचतं. पण दोन गोष्टी बघ. एक्सझेड सांभाळणारा लासे कोलिन जवळजवळ एकटा होता, थकलेला होता आणि तसं त्याने उघडपणे लिहिलंही होतं. त्यावर भलत्या नावांनी तगादे आले, की काम हळू चाललंय, कुणाला तरी सोबत घे. आधीपासून दोनचार खरी माणसं त्याच्यासोबत असती तर त्या तगाद्यांना एवढा जोर आला नसता. आणि दुसरी गोष्ट, ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. डेबियनच्या मशीनवर कामाच्या वेगाची मोजमापं घेत होता. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तू काय म्हणाला असतास?

भाचा : नेट स्लो असेल.

आत्या : मीही तेच म्हणाले असते. तो मागे लागला आणि खणत खणत एक्सझेडपर्यंत गेला. एक्सझेडमध्ये त्याचं एका ओळीचंही काम नव्हतं. त्याने दुरुस्तीही पाठवली नाही, काय दिसलं ते पुराव्यासकट लिहून काढलं. जगभरचे सर्व्हर वाचले.

भाचा : म्हणून विचारलंस होय, रोज काय वापरतोस ते.

आत्या : म्हणून. आता सांग, मराठी टाइप करतोस?

भाचा : करतो की. घरच्या ग्रुपवर.

आत्या : 'दऱ्या' लिही. त्यातला तो 'ऱ्या' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ', त्याचा पाय मोडायचा आणि पुढे 'या'. दुसरी म्हणजे साधा 'र', पाय मोडायचा, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह, आणि मग 'या'. युनिकोडमध्ये दोन्ही बसतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र त्या अक्षरांच्या दोन वेगळ्या ओळी वाटतात. मी एका तऱ्हेने लिहिलं आणि तू दुसऱ्या तऱ्हेने शोधलंस, तर शोध घेणाऱ्या प्रोग्रामने मुद्दाम काळजी घेतलेली नसली की सापडत नाही. याहून वाईट गोष्ट म्हणजे काही प्रोग्राम मजकूर साफ करायचा म्हणून न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकतात. मग 'आचाऱ्याला पैसे दिले' याचं होतं 'आचार्याला पैसे दिले'.

भाचा : पंगतीचे पैसे गुरुजींच्या खिशात!

आत्या : हस. पण हा बग बर्लिनमधल्या प्रोग्रामरला जन्मात दिसणार नाही. हिंदीवाल्यालाही नाही, त्यांच्याकडे हा 'ऱ्' नाही. आपल्याकडे आहे, नेपाळीत आहे. 'ल' आणि 'श' यांचंही तेच. मराठी वळण वेगळं, हिंदी वळण वेगळं. फॉन्टमध्ये दोन्ही भरलेली असली तरी पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली नसेल तर बहुतेकदा हिंदी वळण उमटतं. तुला कोड न लिहिता या गोष्टी दिसतात. जगात फार थोड्यांना दिसतात.

भाचा : पण ही नुसती तक्रार झाली ना आत्या? हिरवा चौकोन येईल का त्याने?

आत्या : येतो, बाबा! इश्यू उघडला तरी गिटहब मोजतं. झालं समाधान? आता 'नुसती तक्रार' म्हणतोस म्हणून सांगते. 'मराठी नीट दिसत नाही, कृपया लक्ष घाला' ही नुसती तक्रार. नीट नोंद म्हणजे काय? प्रोग्रामची आवृत्ती कुठली, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली. ताज्या आवृत्तीतही तेच होतं का, हे आधी बघायचं. कुणी पूर्वी लिहिलंय का ते शोधायचं, आणि बंद केलेल्या इश्यूंतही शोधायचं. मग दोन्ही शब्द द्यायचे, त्यांतल्या प्रत्येक चिन्हाच्या युनिकोड क्रमांकासकट, कारण वाचणाऱ्याला ते डोळ्यांनी वेगळे ओळखता येणार नाहीत. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. देवनागरी न येणाऱ्या माणसाला तुझी नोंद वाचून दहा मिनिटांत तोच बिघाड त्याच्या मशीनवर घडवता आला पाहिजे. एवढं जमलं ना, तर समोरचा हमखास विचारतो, याची एक चाचणी लिहून देशील का? आज पडणारी आणि दुरुस्तीनंतर पास होणारी. तो तुझा पहिला कोड. पाचसात ओळींचा असेल.

भाचा : कोड उघडला की गरगरतं गं. शेकडो फायली.

आत्या : सगळ्या कोण वाचतं? मीही नाही वाचत. आधी लायसन्स बघ, ते नसलेला रेपो नुसता उघडा आहे, ओपन सोर्स नाही. मग कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल शोध. ती वाचणारा माणूस विरळा, म्हणून वाचलेली लगेच ओळखू येते. मग त्यांच्या सूचनांप्रमाणे प्रोग्राम तुझ्या मशीनवर बांध आणि काहीही न बदलता सगळ्या चाचण्या चालव. बहुतेक वेळा इथेच अडतं. सूचना तीन वर्षांपूर्वीच्या असतात, एखादं पॅकेज गाळलेलं असतं, विंडोजवर काय करायचं ते लिहिलेलंच नसतं. अडलास की खूश हो.

भाचा : खूश?

आत्या : अरे, आमच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं, आम्हाला ते खड्डे दिसतच नाहीत. नवख्यालाच दिसतात, आणि तेही पहिल्याच दिवशी. एकदा सवय झाली की तुलाही दिसणार नाहीत. कुठली पायरी चुकली, त्याजागी काय केल्यावर चाललं, हे लिहून पाठवलंस तर ते मला कुठल्याही स्पेलिंगच्या दुरुस्तीपेक्षा मोलाचं आहे. रीडमीलाच हात लावायचा तर असा लाव.

भाचा : आणि कोडमध्ये शिरायचं कसं?

आत्या : पडद्यावर चूक झाल्याचा जो संदेश दिसतो ना, तेच शब्द सगळ्या फायलींत शोध. तिथून एक एक पाऊल मागे जा. ती ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली हे गिट सांगतं, तो जुना कमिट वाच. बदल एकच कर. जाताजाता दुसऱ्याच्या कोडचे स्पेस आणि कंस नीटनेटके करू नकोस, त्यात खरा बदल हरवतो. कमिटच्या संदेशात काय केलंस यापेक्षा का केलंस ते लिही. मग वाट बघ. आठवडा जाईल, दोन जातील. एकदा सौम्यपणे आठवण कर. उत्तरादाखल वीस शेरे आले तर तो अपमान समजू नकोस, वीस शेरे लिहायला कुणीतरी बसलं होतं.

भाचा : काही जण फार खडूस लिहितात.

आत्या : लिहितात. टोरवाल्ड्सनेही २०१८ मध्ये आपल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. असा खडूस भेटला तर दुसरा प्रकल्प बघ, प्रकल्पांना काय तोटा आहे? शक्यतो आधीच चार जुन्या पुल रिक्वेस्टींखालची बोलणी वाचून ठेव, घर कसं आहे ते कळतं.

भाचा : माझं इंग्रजी यथातथाच. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

आत्या : इंग्रजी सुधारून घे, हरकत नाही. मात्र तिथली पुष्कळ माणसं इंग्रजी शिकूनच आलेली आहेत, छोटी वाक्यं सगळ्यांना कळतात. कोडचं वेगळं आहे. कर्ल हा प्रकल्प सांभाळणारा डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून उघडपणे वैतागलेला आहे, कारण एआयने रचलेल्या सुरक्षेच्या खोट्या नोंदी येतात, दिसायला झकास, आत काही नाही, आणि खोट्या आहेत हे सिद्ध करण्यात माणसांचे तास जातात. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी त्याच वर्षी एआयने लिहिलेला कोड घ्यायला मनाई केली. काही प्रकल्पांत अशी मनाई नाही. नियम वाच आणि तो पाळ. माझ्यापुरतं सांगते, 'ही ओळ इथे का?' असं मी विचारलं की उत्तर तुला देता आलं पाहिजे.

भाचा : आणि नोकरी लागल्यावर? मग वेळ तरी मिळेल का?

आत्या : वेळेचं तू बघ. आधी करारपत्र वाच. आपल्याकडच्या काही कंपन्यांच्या करारात तू घरी रात्री लिहिलेल्या कोडवरही त्यांचा हक्क असतो. सही करायच्या आधी विचार, लेखी परवानगी घे. पुढे तुझ्यामुळे एखादा प्रकल्प गोत्यात यायला नको.

भाचा : एवढं सगळं केलं तर मार्चपर्यंत जाळी भरेल?

आत्या : नाही. चारपाच चौकोन होतील.

भाचा : वर्गातल्या त्याचे तीनशे आहेत.

आत्या : मुलाखतीत त्याला तीनशेंतला एक उघडून दाखवायला सांगतील. तुला पाचांतला.

भाचा : सगळीकडे असं उघडून बघतात का? आमच्याकडे येणारे तरी नाही बघत, आत्या. ते नुसते मोजतात.

आत्या यावर काही बोलली नाही, आणि मीही तिच्या तोंडी काही घालत नाही. मोजणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्यापुरता तीनशेवाला पुढे जाईल. तरी मी भाच्याला पाचच करायला सांगेन. प्रकल्पाच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस रात्री नऊनंतर बसतो, त्याचा वेळ संपला की सगळंच धोक्यात येतं, आणि एक्सझेडने ते आपल्याला चांगलंच दाखवलं आहे.

वाचकांतल्या ज्यांचा कोडशी संबंध नाही, त्यांना एक विनंती. ओपनस्ट्रीटमॅपवर आपली वाडी, ओढा, शाळा मराठी नावाने आहेत का बघा. नसतील तर घाला, त्याला प्रोग्रामिंग लागत नाही. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्स वापरत असाल तर त्यात 'दऱ्या' आणि 'आचाऱ्याला' हे शब्द एका तऱ्हेने लिहून दुसऱ्या तऱ्हेने शोधून पाहा. सापडले नाहीत, तर आवृत्तीचा क्रमांक लिहून त्यांना कळवा. 'सर' म्हणायची गरज नाही.